वाळवंटात गारा? हो, लिंबाएवढ्या!

अल ऐनला निघताना बॅगेत काय काय भरलं होतं सांगू? सनस्क्रीन, गॉगल, तीन कॉटनचे कुर्ते. छत्री? छे! वाळवंटात कसली छत्री? अबू धाबी अमिरातीतलं हे शहर दुबईपासून दीडेक तासावर, ओमानच्या सीमेला अगदी खेटून. ताई आणि दाजी तिथे राहतात, म्हणून माझी दहा दिवसांची चैन.

पहिले दोन दिवस एकदम पिक्चर पोस्टकार्ड! खजुरांच्या सावलीत मनसोक्त भटकले. इथे जमिनीखालून पाणी आणणारे जुने पाट आहेत. त्यांना 'फलज' म्हणतात. हे ओअ‍ॅसिस आणि पाट २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. संध्याकाळी जेबेल हफीतच्या घाटातून वर गेलो. खाली दिव्यांचं शहर, पलीकडे नुसती वाळू.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. उद्या शाळा ऑनलाइन, सरकारी ऑफिसं वर्क फ्रॉम होम, अशी बातमी आली. कारण? पाऊस! मी पोट धरून हसले. हा नियम मुंबईत लावला तर आपण ऑफिसला जाणार कधी?

सोमवारी मात्र हसू थांबलं. आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवतंय. मग एसीच्या पत्र्यावर ताडताड आवाज सुरू झाला. खिडकीतून पाहिलं तर रस्ता पांढरा! लिंबाएवढ्या गारा, काही त्याहूनही मोठ्या. खाली कुणीतरी ओरडत होतं, ''बरद! बरद!'' अरबीत गारांना हाच शब्द.

मी कॅमेऱ्याकडे धावले. दाजी धावले गोधडीकडे.

बिल्डिंगसमोर त्यांची गाडी उघड्यावर उभी होती. सेकंडहॅण्ड, पण महिन्यापूर्वीच कर्ज काढून घेतलेली. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान आपल्याच खिशातून. ताई दार अडवून म्हणाली, ''अहो, डोक्यात पडली तर?'' दाजींनी सोफ्याची उशी डोक्यावर धरली आणि गेले. आजीच्या हातची गोधडी त्यांनी पुढच्या काचेवर टाकली. शेजारचे मलबारी काका गादी घेऊन आले होते, समोरचं कुटुंब गालिचा. सगळी गल्ली आपापल्या गाडीला पांघरूण घालत होती.

माझा कॅमेरा चालूच होता. आणि अचानक मार्च २०१४ आठवला. मी नाशिकला हॉस्टेलवर, अकरावीत. आम्ही मुली अंगणात गारा वेचत होतो. त्या खुशीत मी घरी फोन लावला, ''बाबा, इकडे गारा पडतायत!'' बाबा एवढंच म्हणाले, ''हो, इकडेही,'' आणि फोन ठेवला. निफाडजवळच्या आमच्या बागेत द्राक्षं काढणीला आली होती. त्या वर्षी एक पेटीसुद्धा बाजारात गेली नाही.

कॅमेरा ठेवला आणि दुसरी गोधडी घेऊन खाली पळाले.

गारा थांबल्या तेव्हा मागची काच फुटली होती, बॉनेटवर खड्डेच खड्डे. पुढची काच मात्र शाबूत. दाजी भिजलेली गोधडी पिळत म्हणाले, ''आजींचे आभार मानायला हवेत.''

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, ''केवढ्या होत्या गं?''

''लिंबाएवढ्या.''

जरा वेळ शांतता. मग म्हणाले, ''जावईबापूंना सांग, पत्रा सरळ करता येतो. त्यांना लागलं नाही ना?''

दोनच महिन्यांनी, १६ एप्रिलला, अल ऐनच्या खत्म अल शकला भागात २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. या देशात वर्षभरातही एवढा पडत नाही! ताईचा फोन आला, ''गाडी आता छपराखाली लावतो गं.''

तुम्हीही जरूर जा. नोव्हेंबर ते मार्च बेस्ट. पण गाडी भाड्याने घेणार असाल तर इन्शुरन्सचे कागद नीट वाचा. आणि बॅगेत एक जाड चादर असू द्या!