पुढचे पान

गेल्या श्रावणातील गोष्ट. शाळेच्या ग्रंथालयातील एका पुस्तकात बीटाविषयीचा लेख मी वाचू लागलो, आणि घंटा होताच तो अर्धाच टाकून धावत घर गाठले. कारण आमच्या आजोबांना रक्तदाबाचा विकार आहे.

लेखातील माहिती मोठी नवलाची होती. बीट, पालक, माठ, मुळ्याचा पाला यांत नायट्रेट नावाचे क्षार विपुल असतात. ते पोटातून रक्तात उतरतात. पण त्यांतील सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी पुन्हा तोंडात आणून सोडतात. तेथे जिभेच्या मागील भागावरील सूक्ष्म जंतू त्यांचे नायट्राइट बनवितात. ते गिळल्यावर जठरात व रक्तात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. त्याच्या योगाने रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. हा वायू शरीरात निरोपाचे काम करतो, हे शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मी हे सारे आजोबांना मोठ्या ऐटीत सांगितले. ते कौतुकाने म्हणाले, "बाळ, म्हणजे औषध आपल्या परड्यातच आहे म्हणायचे!" दुसऱ्या दिवसापासून आजी त्यांना रोज पेलाभर बीटाचा रस देऊ लागली. मला धन्यता वाटली.

बारा दिवसांनी आजोबा देवपूजेवरून उठताना भोवळ येऊन भिंतीला टेकले. डॉक्टरांनी दाब मोजला, तो १९० वर गेला होता. तेव्हा कळले, की रस सुरू झाल्यापासून त्यांनी गोळ्या घेणेच सोडले होते. मी माजघरात दाराआड उभा होतो. माझे पाय लटपटू लागले.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रस वाईट नाही, पण त्याचा गुण काही तासांपुरता. गोळीची जागा तो घेऊ शकत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तोच लेख पुन्हा उघडला. पुढच्या पानावर लिहिले होते : २००८ साली लंडनमध्ये निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस पाजला, तेव्हा सुमारे तीन तासांत त्यांचा रक्तदाब १० मिलिमीटरच्या आसपास उतरला, आणि पुढे तो परिणाम ओसरत गेला. शेवटी स्पष्ट सूचना होती, की वैद्याच्या सल्ल्यावाचून कोणतेही औषध बंद करू नये. ते पान मी उलटलेच नव्हते!

संध्याकाळी मी आजोबांची क्षमा मागितली. ते रागावले नाहीत. आता ते सकाळी गोळी घेतात, आणि जेवताना माठाची भाजीही आवडीने खातात. मात्र मी काही नवे वाचून सांगू लागलो, की चष्म्यावरून पाहत हसून विचारतात, "पुढचे पान वाचलेस ना रे?"