मंगळवार, तीन ते पाच

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने कोणी रचली, त्याने एका आजाराला थट्टेवारी नेऊन आपले काही पिढ्यांचे नुकसान केले, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ‘म्हातारचळ’ हा तिचाच सख्खा भाऊ. दोहोंत वृद्धाच्या फजितीची गंमत आहे. आजाराची जाणीव नाही, आणि त्या वृद्धाला सांभाळणाऱ्याचा तर मागमूसही नाही. ‘स्मृतिभ्रंश’ हा त्या मानाने भारदस्त शब्द. परंतु गीतेतही तो क्रोधापासून सुरू होणाऱ्या अधोगतीची एक पायरी म्हणूनच येतो. म्हणजे तेथेही कोणाचा तरी दोष आहेच.

माझ्या सासूबाई मूळच्या सेलूच्या, परभणी जिल्ह्यातल्या. लग्न होऊन त्या हैदराबादेत आल्या 1956 साली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि त्यांचे माहेर जागच्या जागी राहून दुसऱ्या राज्यात गेले. इकडे त्या उर्दूमिश्रित हिंदी शिकल्या, भाजीवालीकडून तेलुगू शिकल्या, आणि साठ वर्षे तिन्ही भाषांत अस्खलित भांडल्या. 2019 मध्ये डॉक्टरांनी त्यांच्या आजाराला नाव दिले, तेव्हा प्रथम तेलुगू गेली. मग हिंदी चाचरू लागली. आज उरली आहे ती मराठी, आणि तीसुद्धा आमची शहरी नव्हे, तर त्यांच्या बालपणीची: ‘उलीसं पाणी दे’, ‘बाजंवर टेकू दे’. मुळांवरची माती निघावी तशी एकेक भाषा निघाली.

योगायोग असा की, या विषयावरचे एक गाजलेले संशोधन आमच्याच शहरातले आहे. निजाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 648 रुग्णांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये असे दाखवले, की दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत या आजाराची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. आणि हे निरक्षरांतही आढळले. पुढे इतर ठिकाणच्या अभ्यासांतून मतभेदही निघाले. तथापि, परमुलखात चार पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना हा निष्कर्ष सुखावणारा आहे, हे नाकबूल कशाला करा? सासूबाईंनी भाजीच्या टोपलीशी बसून मिळवलेली तेलुगू कदाचित त्यांच्या उपयोगी पडली असेल. मात्र जाताना तिने घरात एक नवाच पेच निर्माण केला.

दिवसा मदतीला येणारी मुलगी खम्ममकडची. मायाळू, कष्टाळू, पण मराठीचा गंध नाही. सासूबाई ‘मोरीत जायचंय’ म्हणाल्या की ती बुचकळ्यात पडे, कारण इकडच्या बोलीत मोरी म्हणजे गटार. म्हातारीला गटारात का जायचे आहे, हे तिला उमगेना. तोवर व्हायचे ते होऊन जाई आणि नंतरचा संताप, रडणे, ओरबाडणे हे सारे ‘आजाराचे लक्षण’ म्हणून वहीत लिहिले जाई. शेवटी आम्ही दुसरी वही केली. तीत डावीकडे सासूबाईंचे शब्द तेलुगू लिपीत आणि उजवीकडे अर्थ: तहान, मोरी, फणी, लुगडं, दुखतंय. नव्वदेक शब्द झाले. महिनाभरात ओरबाडणे निम्म्यावर आले. औषध तेच होते.

तिन्हीसांजेचे मात्र वहीने भागत नाही. उजेड कमी होऊ लागला, की त्यांना घरी जायचे असते. काचीगुड्याहून सेलूची गाडी गाठायची असते. काकी वाट पाहत असते. कधी मलाच त्या काकी म्हणतात आणि मी ओ देते. ‘हेच तुमचं घर’ असे सांगणे व्यर्थ असते. ‘सेलूला यंदा पाऊस कसा आहे, आई?’ असे विचारले, की त्या पावसाचे सांगत बसतात आणि गाडी चुकते. हे रोज, सहा ते आठ.

यात बाहेरच्यांचा जाच वेगळाच. फोनवरचे नातलग म्हणतात, ‘आमच्याशी तर छान बोलल्या!’ पाच मिनिटे त्या सर्वांशीच छान बोलतात. शेजारणीला त्या सांगतात, ‘सकाळपासून पोटात काही नाही’ आणि ताट तर आत्ताच उचललेले असते. शेजारणीच्या नजरेत काय उमटते, ते सुनांना सांगायला नको. गोव्यात झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांशी बोलताना हेच आढळले होते: विसराळूपण म्हणजे आजार नव्हे, ते वयाचे, अथवा मुलासुनांच्या प्रेमाच्या अभावाचे फळ! ते वाचून मला, खरे सांगते, बरेच वाटले. आपली बदनामी ही निदान एकटीची नाही.

त्याच गोव्यात पुढे 81 कुटुंबांसह एक प्रयोग झाला. डॉक्टर नव्हेत, साधे प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते सहा महिने घरोघर जात. आजाराची माहिती देत, चिडलेल्या वृद्धाशी कसे वागावे ते समजावीत, सांभाळणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेत. गरज असेल तेथे मानसोपचारतज्ज्ञ पाहत. 2008 मध्ये निष्कर्ष आले, त्यांनुसार सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले होते. 2023 मधल्या एका राष्ट्रीय अंदाजानुसार देशात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक या आजारासह जगत आहेत. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ कोठून येणार? घरी येऊन बसणारे माणूस मात्र मिळू शकते.

आमच्याकडे ते मिळाले भजनी मंडळातून. प्रस्ताव कोणी मांडला नाही, ठराव झाला नाही. (ठराव झाला असता, तर उपसमिती नेमली गेली असती.) एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि दुसऱ्या एक मावशी यांनी मंगळवार व शुक्रवार दुपारी तीन ते पाच येऊन बसायला सुरुवात केली. मावशी नांदेडच्या, त्यामुळे बोलीचा मेळ जमला. बाईंनी शेंगा निवडायला आणल्या. आईंचे हात अजून सारे जाणतात. नाव आठवत नाही, पण शिरा बरोबर निघतात. कधी जुन्या ओव्या निघतात, आणि दिवसभर एक वाक्य धड न जुळणारी ही बाई ओवी शेवटपर्यंत म्हणते.

त्या दोन तासांत मी काय करते, असे विचारले जाते. पहिले दोन महिने मी झोपले. नंतर बँकेत गेले, दातांचे काम केले, एकदा नुसतीच सुलतान बाजारात हिंडले. पाहुणचाराचा प्रश्नही मावशींनीच मिटवला: ‘चहा ठेवायचा नाही, नाहीतर आम्ही येणार नाही.’ आपल्या लोकांत हा नियम घालून द्यावाच लागतो. अन्यथा मदतीला आलेल्यांच्या सरबराईतच दोन तास सरतात.

यंदा दिवाळीनंतर बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, आणि मंगळवार मोकळा झाला आहे. वेळ तीन ते पाच. परभणी-नांदेडकडची बोली असल्यास उत्तम. पण पुण्याची असली तरी चालेल, आई सांभाळून घेतात. शेंगा आम्ही आणून ठेवू.