तलावावरचा धूर आणि माँत्रोचे गाणे

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांचा रस्ता बहुतेक ठरलेला असतो. झुरिच, ल्युसर्न, इंटरलाकेन, युंगफ्राऊचा बर्फ, चॉकलेटची खरेदी आणि परत. हिंदी सिनेमाचे वेड असेल तर एखादा थांबा जास्त. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मुळे सानेनचा छोटा पूल आणि त्स्वायझिमेनचे रेल्वे स्टेशन भारतीयांना तोंडपाठ झाले. पण याच त्स्वायझिमेनहून सुटणारी अरुंद रुळांची गाडी ग्श्टाड, सानेन करत, डोंगर उतरत जिथे येऊन थांबते, ते माँत्रो मात्र फारच थोड्यांच्या यादीत असते.

गाडी शेवटच्या वळणांवर आली की खाली एकदम जिनिव्हाचा तलाव दिसू लागतो. इथले लोक त्याला 'लाक लेमाँ' म्हणतात. हा भाग फ्रेंच बोलणाऱ्यांचा. मागे डोंगरांची भिंत असल्यामुळे हवा सौम्य, इतकी की तलावाकाठच्या फिरायच्या रस्त्यावर चक्क ताडाची झाडे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ताड बघून नवखा प्रवासी थबकतोच. गावाबाहेर पाण्यातच उभा असलेला शियोंचा किल्ला आहे. इंग्रज कवी बायरन १८१६ मध्ये तिथे आला आणि त्याच्या तळघरातल्या कैद्यावर त्याने काव्य लिहिले. तेव्हापासून गावाला पाहुण्यांची सवय आहे. पुढच्या काळात मोठमोठी हॉटेले उभी राहिली, १८८१ मध्ये कॅसिनो आला. शेजारच्या वेवेजवळ चार्ली चॅप्लिनने आयुष्याची अखेरची चोवीस-पंचवीस वर्षे काढली.

इतके सगळे असूनही जगभरचे कित्येक तरुण, आणि आता साठी-सत्तरी ओलांडलेले एकेकाळचे तरुण, इथे येतात ते एका आगीची जागा बघायला.

शनिवारची दुपार

४ डिसेंबर १९७१. त्या दिवशी कॅसिनोच्या सभागृहात अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पा आणि त्यांच्या 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. हिवाळ्यासाठी कॅसिनो बंद होण्यापूर्वीचा हा शेवटचा कार्यक्रम. तो संपला की रिकामे सभागृह 'डीप पर्पल' या इंग्लिश रॉक बँडच्या ताब्यात मिळणार होते. गायक इयन गिलन, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, बास गिटारवर रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयन पेस असे हे पाच जण. बंदिस्त स्टुडिओत वाजवले की आपल्या मैफलीतला जोर ध्वनिमुद्रिकेत उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी 'रोलिंग स्टोन्स' या बँडच्या मालकीचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेतला होता. हा स्टुडिओ म्हणजे एक मालमोटार, आत ध्वनिमुद्रणाची सगळी यंत्रे. मोटार बाहेर उभी करायची, तारा आत सभागृहात न्यायच्या आणि मोकळ्या जागेत वाजवायचे, असा बेत होता.

कार्यक्रम रंगात असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे संकटात इशारा देण्यासाठी पेटता गोळा उडवायची बंदूक, छताच्या दिशेने झाडली. छत पेटले. झप्पांनी वाजवणे थांबवून लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितले. काही जण मोठाल्या खिडक्यांच्या काचा फोडून निघाले. खालच्या भागात आसरा शोधत गेलेल्या मुलांना एका माणसाने धुरातून ओढून बाहेर काढले. त्याचे नाव क्लोद नॉब्स.

या नॉब्स यांच्याविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. शिक्षण आचाऱ्याचे, नोकरी गावच्या पर्यटन कार्यालयात. गावाकडे लोक यावेत म्हणून १९६७ मध्ये त्यांनी मित्रांच्या मदतीने तीन दिवसांचा एक जॅझ महोत्सव भरवला. तोच पुढे जगप्रसिद्ध माँत्रो जॅझ महोत्सव झाला. महोत्सवाचे घर म्हणजे हा कॅसिनो, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत जळत होता. तरी त्यांनी आधी माणसे पाहिली. हजारोंची गर्दी असूनही त्या आगीत एकही जीव गेला नाही. झप्पांची वाद्ये आणि सामान मात्र खाक झाले. त्या बिचाऱ्यांचे ग्रहच फिरले असावेत. सहाच दिवसांनी, १० डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरात एका प्रेक्षकाने त्यांना रंगमंचावरून खाली ढकलले आणि ते कित्येक महिने चालू शकले नाहीत.

डीप पर्पलची मंडळी जवळच्या हॉटेलच्या खिडकीतून कॅसिनो जळताना बघत होती. डोंगरावरून वारा सुटला होता आणि धुराचा पडदा तलावाच्या पाण्यावर पसरत चालला होता. पुढे एका सकाळी ग्लोव्हर अर्धवट झोपेत असताना त्यांच्या तोंडून तीन-चार शब्द निघाले, 'स्मोक ऑन द वॉटर', म्हणजे पाण्यावर धूर. हे ऐकून बाकीच्यांना ते अमली पदार्थांवरचे गाणे वाटेल, अशी शंका आली म्हणे.

दाराला टेकलेली माणसे

जागा गेली, पण भाड्याची मालमोटार दारात उभी होती आणि दिवस मोजकेच होते. नॉब्स यांनी धावपळ करून 'पाव्हियों' नावाचे गावातले एक नाट्यगृह मिळवून दिले. ब्लॅकमोर यांच्याकडे एक सुरावट होती. ती बसवून पाचही जण रात्री वाजवू लागले. रॉक संगीताचा तो आवाज आणि स्विस गावातली शांत रात्र! शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आले. असे सांगतात की वादन पुरे होईपर्यंत बँडच्या कामगारांनी आतून दारे रेटून धरली होती. पोलीस आत आले तेव्हा एका गाण्याचे वादन फितीवर उतरले होते. त्याला शब्द नव्हते, नावही नव्हते. नाट्यगृहातून अर्थातच त्यांची बोळवण झाली.

शेवटी हिवाळ्यामुळे बंद असलेले ग्रँड हॉटेल मिळाले. बोचरी थंडी, हॉटेलातली ऊब देणारी यंत्रणा बंद. गाद्या आणून मार्गिकेच्या भिंतींना लावल्या, कारखान्यात वापरतात तसले हीटर आणले आणि त्या मार्गिकेतच वाद्ये मांडली. वाजवलेले ऐकायचे तर बाहेरच्या मोटारीपर्यंत खोल्या, गॅलऱ्या, गच्च्या ओलांडत जावे लागे. काही दिवसांनी त्यांनी जाणेच सोडून दिले आणि पुन्हा पुन्हा ऐकत बसण्याऐवजी मनासारखे झाले वाटले की पुढचे गाणे घेतले. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च मोटारीत बसून कान देत होते. त्या अल्बमचा ताजेपणा या गैरसोयीतूनच आला असेल, असे म्हणायला जागा आहे.

अल्बम पुरा व्हायला एक गाणे कमी पडत होते. तेव्हा पाव्हियोंमधले ते बिनशब्दांचे वादन आठवले. गिलन आणि ग्लोव्हर यांनी लांब कुठे विषय शोधला नाही. गावात आलो, आग लागली, जागा शोधली, थंड हॉटेलात काम केले, एवढेच सरळ लिहिले. झप्पा, नॉब्स, तो फिरता स्टुडिओ, सगळे त्यात आले. आपल्याकडे शाहीर घडलेली हकिगत पोवाड्यात बांधत, तसलाच हा प्रकार.

चार स्वर

गाण्याचे खरे बळ मात्र सुरुवातीच्या सुरावटीत आहे. ती केवळ चार स्वरांची. षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम. दोन मध्यम शेजारी शेजारी म्हटले की आपल्या कानाला ललित राग आठवतो. त्याच्याशी याचा काही संबंध नाही, ही अमेरिकन ब्लूज संगीताची देणगी. ब्लॅकमोर यांनी प्रत्येक स्वरासोबत त्याच्या खालचा चौथा स्वरही वाजवला आणि दोन्ही तारा पत्रीने नव्हे, बोटांनी एकदम छेडल्या. म्हणून तो आवाज भरीव येतो. जॉन लॉर्ड यांनी आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजवून त्याला खर्जाची जोड दिली. आधी एकटी गिटार, मग झांज, ड्रम्स, मग बास, असे एकेक वाद्य येत जाते.

एवढे सोपे असल्यामुळेच गिटार हातात घेतलेला मुलगा पहिल्या आठवड्यात हेच वाजवतो, मग तो लंडनचा असो की दादरचा. वाद्यांच्या दुकानातले विक्रेते ही सुरावट ऐकून ऐकून कंटाळलेले असतात, असा विनोद जगभर चालतो. २००७ मध्ये अमेरिकेतील कान्सास सिटीत हजाराहून अधिक गिटारवादकांनी एकत्र येऊन हेच गाणे वाजवले होते.

गंमत म्हणजे बँडला या गाण्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. 'मशीन हेड' हा अल्बम मार्च १९७२ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी 'नेव्हर बिफोर' हे दुसरेच गाणे पुढे केले. नॉब्स यांनी मात्र पहिल्यांदा ऐकताच, हे गाणे मोठे होणार, असे सांगितले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये जपानच्या मैफलीत ते वाजले, लोकांनी डोक्यावर घेतले. १९७३ मध्ये अमेरिकेत त्याची वेगळी तबकडी निघाली आणि ती बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचली.

पुढे हे गाणे चांगल्या कामालाही आले. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भीषण भूकंप झाला. त्यातल्या पीडितांसाठी निधी उभारायला इंग्लंडमधल्या नामवंत रॉक कलावंतांनी १९८९ मध्ये एकत्र येऊन हेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. गिलन त्यात पुढे होते.

राखेवरचा स्टुडिओ

जळालेला कॅसिनो १९७५ मध्ये नव्याने उभा राहिला आणि इकडेतिकडे भरणारा महोत्सव घरी परतला. नव्या इमारतीत 'माउंटन स्टुडिओज' नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओही झाला. १९७९ मध्ये 'क्वीन' या बँडने तो विकत घेतला. इथे मराठी वाचकाने कान टवकारायला हरकत नाही. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण झाले आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पियानो तो तिथेच शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँडही त्याने तिथेच काढला. सह्याद्रीच्या थंड हवेतल्या गावाहून निघालेला हा मुलगा आयुष्याच्या अखेरीस आल्प्सच्या पायथ्याशी, याच स्टुडिओत, आजारी असताना गात होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला. १९९६ मध्ये तलावाकाठी त्याचा हात उंचावलेला पुतळा उभारण्यात आला. २०१३ मध्ये कॅसिनोतल्या त्या जुन्या स्टुडिओच्या जागी क्वीनचे संग्रहालय सुरू झाले.

पुतळ्यापाशी गर्दी कायम असते. त्याच्या जवळच डीप पर्पलचे नाव, गाण्याचे शीर्षक आणि त्या सुरावटीची स्वरलिपी असलेले एक शिल्प आहे. पुष्कळ जण फ्रेडीबरोबर फोटो काढून पुढे निघून जातात, त्यांचे हे शिल्प पाहायचे राहूनच जाते. कॅसिनोत खेळाच्या दालनासमोरच्या कठड्यावरही तेच स्वर नक्षीसारखे वापरले आहेत.

जॉन लॉर्ड २०१२ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास नॉब्स बर्फावर स्कीइंग करताना पडले आणि १० जानेवारी २०१३ रोजी गेले. महोत्सवातल्या मैफलींची ध्वनिमुद्रणे त्यांनी वर्षानुवर्षे जपून ठेवली होती. त्या संग्रहाला २०१३ मध्येच युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत स्थान दिले.

जिनिव्हाहून माँत्रो रेल्वेने साधारण तासाभराचे. जुलैत महोत्सव असतो, तेव्हा हॉटेलात जागा मिळणे कठीण आणि दरही चढे. गाणे डोक्यात घेऊन जाणाऱ्याने डिसेंबर गाठावा. तलावाकाठी नाताळचा बाजार भरलेला असतो, समोरचे डोंगर पांढरे झालेले असतात. आणि सकाळी लवकर बाहेर पडले तर एखादे दिवशी पाण्यावर धुके उतरलेले सापडते.