भाता आधी, पॉलिश मागाहून

मिरज

प्रिय भाचेबुवा,



तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. पितळी पट्टीवर 'वागेश्वरी' आणि आलेप्पीचं नाव दिसतंय. तुझ्या आजोबांच्या स्टुडिओतला कॅमेरा विलायती असणार असं घरात सगळेच धरून चालले होते. तो केरळचा निघाला म्हणून तू थोडा खट्टू झालेला दिसतोस. खट्टू होऊ नकोस. आलेप्पीच्या के. करुणाकरन यांच्या घरी वाद्यदुरुस्तीचा व्यवसाय होता. गावातल्या एका स्टुडिओवाल्याने आपल्या कॅमेऱ्याचा फाटका भाता त्यांच्याकडे दुरुस्तीला आणला. ती दुरुस्ती जमली आणि मग त्यांनी अख्खा कॅमेराच घडवायला घेतला. ही गोष्ट १९४०च्या दशकातली. पुढे कित्येक वर्षं देशभरच्या स्टुडिओंमध्ये हे सागवानी कॅमेरे उभे होते. लेन्स तेवढी बाहेरची असे.

आता तुझ्या बेताविषयी. पॉलिशवाल्याकडे देऊन लाकूड चकचकीत करायचं, पितळेला ब्रासो मारायचा आणि दिवाणखान्यात दिव्याखाली ठेवायचा, असं तू लिहिलंस. माझा याला साफ विरोध आहे. ज्या यंत्राने अर्ध्या गावाची लग्नं टिपली, त्याचं झुंबर करू नकोस. त्याच्याकडून एक तरी फोटो काढून घे. फोटो निघतो की नाही यावरच दुरुस्ती ठरेल. चकाकीला कॅमेऱ्यात काडीची किंमत नाही. पॉलिश शेवटी बघू.

सुरुवात भात्यापासून कर. रात्री खोलीत पूर्ण अंधार कर, भाता पूर्ण ताण, आत एक छोटा एलईडी दिवा सोड आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांब. घड्यांच्या कोपऱ्यांवर बारीक ठिपके चमकू लागतील, कारण उघडझाकीने कापड झिजतं ते तिथेच. प्रत्येक ठिपक्याला खडूची खूण कर. मोजके असतील तर काळा रंग आणि पातळ कापडाचे तुकडे यांवर भागेल. पण तुझ्या तिसऱ्या फोटोत कोपरे चाळणी झालेले दिसतात, म्हणजे भाता नवा करावा लागणार.

इथे तुला करुणाकरन यांचाच रस्ता धरता येईल. आमच्या सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यं होतात, त्यांचा इथे उपयोग नाही. हार्मोनियम दुरुस्त करणारा गाठ. पुठ्ठा, कापड आणि चामडं एकमेकांना चिकटवून घडी कशी घालायची हे त्याच्या हातात असतं. फक्त त्याला दोन गोष्टी समजावून सांग. पेटीच्या भात्यातून हवा निसटायला नको, इथे उजेड शिरायला नको. म्हणून आतलं अस्तर गडद काळं आणि बिनचमकीचं हवं. दुसरं, पेटीच्या भात्याला घड्या मोजक्या आणि जाड असतात. इथे त्या पुष्कळ, आणि पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या. पुठ्ठा जरा जाड झाला तरी मिटलेला भाता चौकटीत मावणार नाही आणि कॅमेरा बंदच होणार नाही. म्हणून जुना भाता फेकू नकोस. घड्या मोज, उलगड, सपाट कर. तोच तुझा नकाशा. चौकटीला तो सरसाने चिकटवलेला असेल तर कोमट ओल्या फडक्याने हळूहळू सुटेल. नवाही सरसानेच बसव. फेव्हिकॉल पक्का असतो हे खरं, पण पन्नास वर्षांनी तो उघडायला बसणाऱ्याचे हाल होतात.

मागच्या दुधाळ फोकस-काचेच्या जागी साधी काच आणि तिला बटरपेपर, हा कोणाचा पराक्रम? ती काढ. फ्रेमवाल्याकडून त्याच मापाची दोन मिलिमीटरची काच आण. त्यावर बारीक कार्बोरंडम पूड आणि चार थेंब पाणी टाकून दुसऱ्या छोट्या काचेने गोल गोल घास. तासाभरात दुधाळ, एकसारखा पोत येतो. बसवताना घासलेली बाजू लेन्सकडे. प्रतिमा त्याच पृष्ठभागावर उमटते. काच उलटी बसली तर तिच्या जाडीमुळे फोकसची चूक कायमची घरात येते. प्लेटहोल्डरमध्येही तोच हिशेब आहे. हे होल्डर काचेच्या प्लेटसाठी केलेले. फिल्म नुसती ठेवलीस तर ती मागे सरकते. तिच्या पाठीशी पुठ्ठा घालून तिचा दर्शनी पृष्ठभाग जुन्या प्लेटच्या जागी आण. चौकटीवर पट्टी आडवी ठेवून काच आणि फिल्म या दोन्हींची खोली मोज. ही मापं जुळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

लाकडाचं थोडक्यात. सांधे आत्ता घट्ट वाटतात म्हणून रंधा मारायला धावू नकोस. पावसाळ्यात सागही थोडा फुगतो. आत्ता घासलंस तर उन्हाळ्यात खुळखुळेल. दिवाळीनंतर बघ. आतल्या बाजूला बोटभर जागेवर कापसाने थोडं स्पिरिट लावून पाहा. लेप चिकट झाला तर तो चपडा लाखेचा आहे आणि तो खरवडायचं कारण नाही. धूळ-मळ टर्पेंटाइनने पुसून वर पातळ लाख फिरव, बस. पितळेवरचा पिवळसर थर हा लॅकर आहे, मळ नव्हे. ब्रासोने तो निघून जाईल आणि पितळ महिन्यात काळवंडेल. स्क्रू खाचेत घट्ट बसणाऱ्या पेचकसानेच काढ आणि कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेव. कॅमेऱ्याच्या डाव्या खांबाजवळ आजोबांनी सुपारीएवढा लाकडाचा ठोकळा बसवलाय, तो मात्र राहू दे. धंदा चालू असताना केलेली दुरुस्ती आहे ती.

फिल्म कुठली, असं विचारशील. तुझा कॅमेरा हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा. या मापाची फिल्म दुकानात मागितलीस तर लोक तोंडाकडे बघतील. आठ बाय दहाची एक्स-रे फिल्म घे. तिच्यातून दोन तुकडे निघतात. तिला लाल उजेड दिसत नाही, त्यामुळे मंद लाल दिव्यात कापता येते. रसायन बहुधा दोन्ही बाजूंना असतं, नखसुद्धा उमटतं. म्हणून ट्रेमध्ये एका वेळी एकच तुकडा धू. आणि ओठ, कुंकू, लाल काठ काळेकुट्ट येतील हे आधीच काकूंच्या कानावर घाल.

लेन्सला शटर नाही, तेव्हा टोपी काढायची, सेकंद मोजायचे, टोपी लावायची. पहिल्यांदा माणसं बसवू नकोस, ती हलतात. वाड्याचा दरवाजा घे. कॅमेरा वर न झुकवता लेन्सची फळी वर सरकव, म्हणजे दोन्ही खांब सरळ राहतील. मोबाईलमध्ये तेच खांब वर जाऊन एकमेकांकडे कलतात, पडताळून पाहा.

हार्मोनियमवाल्याकडे जाताना जुना भाता बरोबर ने, आणि पैसे ठरवून मग काम दे. चपडा लाख तिकडे पुण्यात चांगली मिळाली नाही तर कळव, इथून पाठवतो.

तुझा,
मामा