आधी कामकरी, मग शिपाई

घरात कॉम्प्युटर आला की त्याच्याबरोबर दोन प्रश्न येतात. पहिला, तो ठेवायचा कुठे? दुसरा, मुले त्यावर काय करणार? पहिल्याचे उत्तर घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांना लगेच सापडते. शिलाई मशीनच्या शेजारी, टीव्हीच्या खाली, जिथे प्लग असेल तिथे. दुसऱ्या प्रश्नावरून मात्र घरोघरी वाद आहेत. अभ्यासासाठी घेतलेल्या यंत्रावर मुलगा खेळच खेळतो, ही तक्रार मी भटवाडीत ऐकली, कामराज नगरात ऐकली, आणि आमच्या घरातही तीच होती. त्यावर आम्ही काय केले, ते वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख लिहिते आहे.

मी घरी शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे गणवेश. मिस्टर टेम्पो चालवतात. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलगा अकरावीला. भिशी लागली तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून एक जुना कॉम्प्युटर घेतला. मुलीने त्यावर टॅली शिकायला घेतली आणि मुलाने ‘एज ऑफ एम्पायर्स’. रात्री मिस्टर थकून घरी येत, तेव्हा पडद्यावर तलवारी चाललेल्या असत. एके दिवशी त्यांनी जाहीर केले की हा डबा विकून टाकायचा. त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे बंद झाले. एका खोलीत चार माणसे आणि त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत, हे किती जड असते ते ज्याने सोसले त्यालाच कळेल. शिवाय डबा विकला असता तर मुलीची टॅलीही त्याच्याबरोबर गेली असती.

मी मिस्टरांना म्हटले, “विकायचा तर विकू. पण पंधरा दिवस थांबा. तो काय खेळतो ते मला आधी बघू द्या.” मुलाला म्हटले, “मला हा खेळ शिकव.” तो हसला. “आई, तुला नाही जमणार. तू माउस तरी धरलायस का कधी?” मी म्हटले, “मशीन तरी मी आईच्या पोटातून शिकून आले होते का?”

आता या खेळाविषयी थोडे सांगते. बुद्धिबळात किंवा कॅरममध्ये एकाची पाळी झाली की दुसऱ्याची येते. समोरचा विचार करतो तोवर आपण चहा पिऊ शकतो. या खेळात पाळी नसते. दोन्ही बाजू एकाच वेळी काम करत असतात आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. म्हणून याला ‘रिअल टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात. माझा मुलगा खेळतो तो ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग. पहिला भाग १९९७ साली आला, दुसरा १९९९ साली. त्या वेळी ३२ एमबी मेमरीच्या कॉम्प्युटरवरही तो चालत असे. २०१९ साली त्याची नवी सुधारलेली आवृत्ती निघाली. म्हणजे मुलाच्या जन्माआधीचा हा खेळ आहे आणि अजूनही खेळला जातो.

खेळाच्या सुरुवातीला आपल्याला फार काही मिळत नाही. एक टाउन सेंटर, म्हणजे गावाचे मुख्य घर. तीन गावकरी आणि वाट शोधणारा एक घोडेस्वार. गाठीला २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने, २०० दगड. बाकी सगळा नकाशा काळा. घोडेस्वार जिथवर जाईल तिथवरच उजेड पडतो. एवढ्या भांडवलावर गाव उभे करायचे, ते वाढवायचे आणि शेजारच्या शत्रूपासून सांभाळायचे.

नवीन माणसाला वाटते की लढाईचा खेळ आहे, तर आधी शिपाई करावेत. मुलाने मला पहिला धडा उलटा दिला. “आई, शिपायांचे नाव काढू नकोस. आधी गावकरी.” एक गावकरी तयार करायला ५० अन्न लागते आणि खेळातले २५ सेकंद. हाती २०० अन्न असते, म्हणजे लगेच चार गावकऱ्यांची ऑर्डर देता येते. ते तयार होईपर्यंत आधीच्या तिघांपैकी दोघांनी घर बांधायला घ्यायचे, कारण टाउन सेंटरात फक्त पाच जणांची सोय असते आणि आपण चार जण आधीच असतो. २५ लाकडाचे एक घर बांधले की आणखी पाच जणांची सोय होते. घर नाही तर नवा माणूस नाही. मुंबईत राहणाऱ्यांना हा नियम वेगळा समजावून सांगायला नको.

घोडेस्वाराला गावाभोवती फिरवायचे, की मेंढ्या सापडतात. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर लावायचे, म्हणजे अन्न येत राहते आणि नवे गावकरी थांबत नाहीत. पुढचे तीन-चार लाकडावर. झाडांना लागून १०० लाकडाची वखार बांधायची, म्हणजे मोळी घेऊन लांब चालावे लागत नाही. मेंढ्या संपत आल्या की शिकार, बोरांची झुडपे आणि मग शेती. एका शेताला ६० लाकूड लागते. ५०० अन्न साठले आणि गावात वखार, गिरणी अशा दोन इमारती उभ्या असल्या, की गाव पुढच्या युगात जाते. अशी चार युगे आहेत.

या सगळ्यात मुलाने एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. टाउन सेंटर रिकामे ठेवायचे नाही. तिथे सतत नवा गावकरी तयार होत राहिला पाहिजे. ते दोन मिनिटे बंद राहिले तर चार-पाच माणसे कमी पडतात, आणि ती माणसे पुढे जे अन्न-लाकूड आणणार होती तेही बुडते. हे मला चटकन पटले. माझे मशीन सणासुदीच्या दिवसात दोन तास बंद राहिले, तर फक्त दोन ब्लाउज कमी होत नाहीत. गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि त्याच्याबरोबर त्याची शेजारीणही. एखादा गावकरी काम संपून नुसता उभा असेल, तर कीबोर्डवरच्या पूर्णविरामाच्या बटणाने तो सापडतो. एचचे बटण दाबले की टाउन सेंटर समोर येते. ही दोन बटणे मला माउसच्या आधी पाठ झाली.

मुलगी टॅली बाजूला ठेवून आमच्याकडे बघत होती. ती म्हणाली, “आई, यात लढाई कुठे आहे? हा तर जमाखर्च आहे.” खरेच होते. किती आले, किती गेले, पुढच्या पाच मिनिटांत काय लागणार, हेच सारखे मोजायचे. तलवार शेवटी येते. ज्याच्या गावात जास्त हात कामाला असतात, तो बहुतेक वेळा लढाईच्या आधीच जिंकलेला असतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या खेळात गावकऱ्यांमध्ये स्त्रियाही असतात आणि पुरुषही. दोघांना लागणारे अन्न सारखे, कामाचा वेग सारखा. बाई लाकूड तोडते, सोने खणते, किल्ला बांधते. गणवेशाच्या कामावर बाईला एक दर आणि पुरुष कारागिराला दुसरा, हे मी बाजारात पाहिले आहे. निदान या बाबतीत खेळ बाजाराच्या पुढे आहे.

आमच्या घाटकोपरच्या चिराग नगरात अण्णा भाऊ साठे राहत होते. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेव्हा जगाचा भार कष्ट करणारे हात वाहतात, या आशयाचे विचार त्यांनी मांडले होते. मुलाला मी तेच सांगितले. “तुझ्या खेळात राजाचे नाव मोठे असते, पण गाव चालते ते या चिमुकल्या माणसांवर. तुझे पप्पाही पहाटे टेम्पो काढतात, तेव्हा या शहराच्या दुकानात माल पोचतो.” तो काही बोलला नाही, पण ऐकत होता.

खेळात जे दिसते ते सगळे जसेच्या तसे घ्यायचे नाही, हेही मुलांना सांगावे लागते. तिसऱ्या युगात मठ बांधता येतो आणि त्यातून मंक, म्हणजे धर्मगुरू तयार होतात. असा धर्मगुरू शत्रूच्या शिपायासमोर काही क्षण मंत्र म्हणतो आणि शिपाई आपल्या रंगाचा होऊन आपल्या बाजूने लढू लागतो. मुले यावर खूप हसतात. मी मुलाला म्हटले, “खरे धर्मांतर असे होत नाही. बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास होता. आणि लाखो लोक आले ते आपल्या पायांनी चालत आले.” खेळातली गंमत गंमत म्हणून राहू द्यावी, पण तिच्या शेजारी खरी गोष्टही ठेवावी.

असेच देवपालाचे झाले. २०२२ साली या खेळाला ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ नावाची जोड आली. ती वेगळी विकत घ्यावी लागते. आम्ही घेतलेली नाही, मुलाने ती मित्राकडे पाहिली. तीत पाल घराण्यातल्या देवपाल राजाच्या मोहिमा आहेत. पाल राजे बौद्ध धर्माचे आश्रयदाते होते. मुलगा उत्साहाने लढाया सांगत होता. मी त्याला देवपालाच्या ताम्रपटाची गोष्ट सांगितली. हा ताम्रपट १९२१ साली नालंदाच्या उत्खननात सापडला. सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडच्या, बालपुत्रदेव राजाने नालंदाला विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने त्या विहाराच्या खर्चासाठी पाच गावे दिली, असे त्यात लिहिलेले आहे. भिक्षूंचे भोजन, वस्त्रे, औषधे आणि ग्रंथलेखन यांची सोय त्यातून व्हायची होती. मुलगा म्हणाला, “म्हणजे तिथेही पाच गावच्या गावकऱ्यांनीच सगळे चालवले.” हे वाक्य त्याला कोणी पढवले नव्हते.

दुसऱ्या रविवारी मी खेळत होते आणि मुलगा शेजारी बसून सांगत होता. मिस्टर जेवून उठले आणि आमच्या मागे उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, “ती चार माणसे नुसती उभी का आहेत? गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही.” मुलाने मान वळवली आणि म्हणाला, “पप्पा, त्यांचे झाड संपले. आईने त्यांना दुसरीकडे लावले नाही अजून.” तीन आठवड्यांत बापलेक एकमेकांशी बोलले ते हे पहिले वाक्य. मी पडद्यावरून नजर हलवली नाही.

डबा विकायचा विषय त्यानंतर निघाला नाही, पण नियम ठरले. खेळ ओळखीचा झाल्यामुळे नियम करणे सोपे गेले. एक डाव सहज तासभर चालतो, हे आता मला माहीत आहे. म्हणून “दहा मिनिटांत बंद कर” असे मी म्हणत नाही आणि “आत्ताच सुरू केला” हे तोही मला सांगू शकत नाही. एकट्याने खेळताना डाव साठवून ठेवता येतो, हेही मला ठाऊक आहे. संध्याकाळी सात ते नऊ कॉम्प्युटर मुलीच्या टॅलीचा. मुलाला आठवड्यात दोन डाव, एक बुधवारी, एक रविवारी. परीक्षेच्या महिन्यात एकही नाही. हा कागद कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवला आहे आणि त्यावर चौघांच्या सह्या आहेत.

ज्या पालकांना हा खेळ समजून घ्यायचा असेल त्यांनी एकदम लढाईत उतरू नये. नव्या आवृत्तीत ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सरावाचे धडे आहेत. त्यातला पहिला धडा गाव उभे करण्याचा आहे, तो दोन-तीनदा करावा. विल्यम वॉलेसच्या नावाची सोपी मोहीम आहे, तीत माणूस कसा चालवायचा इथपासून शिकवले आहे. त्यानंतर कॉम्प्युटरशी सर्वांत सोप्या पातळीवर एक डाव खेळावा. इंटरनेटवरून अनोळखी माणसांशी खेळायची घाई नको, मुलांनाही नाही. आणि शिकवणारा आपला मुलगा किंवा मुलगीच असावी. घरात नेहमी आपण सांगतो आणि ती ऐकतात. कधी ती सांगतील आणि आपण ऐकू, असा एक तास आठवड्यात असावा.

माझ्या गावात परवा ४० गावकरी झाले. शिपाई अजून सहाच आहेत. मुलगा म्हणतो, आता शत्रू येईल, भिंत बांध. बांधेन. आधी शेतांना लाकूड पुरते का, ते बघते.