शेवटची फेरी

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसांची मला फार धास्ती वाटते. आता, हे वाक्य लिहिणारी बाई गेली वीस वर्षे दर जूनमध्ये त्याच कविता त्याच विनोदांसह शिकवीत आली आहे, असे माझ्या विद्यार्थ्यांनी तुम्हाला सांगितले तर मी नाकबूल करणार नाही. पण वर्गात ऐकणारे दरवर्षी बदलतात. घरात तशी सोय नसते. तिथे सांगणारा तोच आणि ऐकणारेही तेच.

आमच्या घरी सांगणारे होते बाबा, आणि गोष्ट होती ओव्हलची. २४ ऑगस्ट १९७१ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर अजित वाडेकरच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच देशात पहिल्यांदा हरवले, ते बाबांनी रेडिओवर ऐकले होते. चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ वर आटोपला, जिंकायला १७३ हवे असताना गावसकर शून्यावर गेला आणि शेवटी आबिद अलीने चौकार मारला. बाबांची सुरुवात ठरलेली असे : "त्या दिवशी रेडिओला खरखर फार." आणि माझेही उत्तर ठरलेले असे : "बाबा, पुढचे मला पाठ आहे." बाबा हसत आणि थांबत.

बाबा गेल्यावर तीन वर्षांनी, २०२३ च्या मे महिन्यात, मी दुसऱ्याच एका ओव्हलपाशी जाऊन पोहोचले. धाकटा भाऊ अमेरिकेत इंडियानापोलिस शहरी असतो. भावजयीचे दिवस भरत आले होते आणि कॉलेजला सुट्टी लागली होती. तेव्हा डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि आईच्या सूचनांचे एक वेगळे गाठोडे घेऊन मी निघाले. त्या शहरात मे महिना म्हणजे काय असतो, याची मला सुतराम कल्पना नव्हती.

घराघरांवर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे झेंडे लागले होते. "इथे बुद्धिबळाचे इतके वेड आहे?" असे मी भावाला विचारले. तो पोट धरधरून हसला आणि रविवारी मला गाडीत घालून ते मैदान दाखवायला घेऊन गेला.

अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरांचा, तो एक बंदिस्त रस्ता. लोक त्याला 'ओव्हल' म्हणतात. खरे तर तो कोपरे गोल केलेला लांबट चौकोन आहे. १९०९ साली तो बांधला तेव्हा वरची खडी-डांबर टिकेना, म्हणून बत्तीस लाख विटा अंथरल्या. आज डांबराखाली त्या सगळ्या गडप झाल्या असून शेवटच्या रेषेवर तेवढा तीन फुटांचा विटांचा पट्टा उघडा ठेवला आहे. १९११ पासून इथे पाचशे मैलांची शर्यत होते. तेहतीस मोटारी, दोनशे फेऱ्या. पहिल्या शर्यतीत इतर मोटारींत मागून कोण येते हे पाहायला एक मेकॅनिक बसलेला असे. रे हॅरून नावाच्या गृहस्थाने माणसाऐवजी आरसा लावला आणि तोच जिंकला. जिंकणारा इथे दूध पितो. ही चाल ज्याच्यापासून पडली तो लुई मेयर १९३६ साली प्याला होता ते मात्र ताक! हे ऐकल्यावर मला त्या शर्यतीविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली.

पण मोटारी पाहिल्या आणि आपुलकीची जागा भीतीने घेतली. जमिनीला चिकटलेले अंग, एकटा माणूस जेमतेम मावेल अशी बैठक, आणि चारही चाके अगदी उघडी. मडगार्ड म्हणून नाहीच. अशा दोन मोटारींची चाके एकमेकांना नुसती चाटली तरी मोटार हवेत उडू शकते. असे असून त्या ताशी दोनशे मैलांच्या वर धावतात आणि मिनिटभराच्या आत फेरी पुरी करतात. डावीकडे वळायचे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे. आणि शेवटी जिथून निघालो तिथेच यायचे. "यात लक्षात ठेवण्यासारखे काय असते रे?" मी भावाला म्हटले. तो म्हणाला, "ताई, ते शेजारच्या आजोबांना विचार."

शेजारच्या पडवीत रोज संध्याकाळी दोन म्हातारे बसत. घरधनी निवृत्त सुतार होते. दुसरे दोन गल्ल्या सोडून राहणारे त्यांचे मित्र, सदैव डोक्यावर टोपी. माणसे दोन, पण खुर्च्या तीन. पहिल्या दिवशी मी तिसऱ्या खुर्चीकडे वळले, तेव्हा टोपीवाल्या आजोबांनी लगबगीने आतून माझ्यासाठी एक स्टूल आणले. मी मराठीची प्राध्यापिका हे कळल्यावर ते मला 'प्रोफेसर' म्हणू लागले. माझ्या हाताखालच्या मुलांनी जितक्या आदराने म्हटले नसेल, तितक्या आदराने!

मी विचारायचाच अवकाश, दोघे तुटून पडले. विषय होता ३० मे १९८२ ची शर्यत. काल झाल्यासारखे भांडत होते. सुतार आजोबा गॉर्डन जॉनकॉकच्या बाजूचे, टोपीवाले रिक मिअर्सच्या.

"तुम्ही तेव्हा मैदानात कुठे बसला होता?" मी विचारले.

"मैदानात? छे! इथेच. या पडवीत, रेडिओभोवती," सुतार आजोबा म्हणाले.

मग कळले की टेलिव्हिजनवर ही शर्यत घडताघडता दिसू लागली ती १९८६ पासून. त्याआधी काटछाट करून रात्री दाखवीत. आणि खुद्द या शहरात तर थेट प्रक्षेपण करायचे नाही असा मैदानवाल्यांचा रिवाज. घरबसल्या दिसले तर तिकिटे कोण काढील? म्हणून गावाने ही शर्यत पिढ्यान् पिढ्या कानांनीच पाहिली. रेडिओचे निवेदक वळणावळणांवर उभे असतात. मोटारी एका वळणावरून सुटल्या की पहिला निवेदक त्या पुढच्याच्या हवाली करतो. आवाजही मोटारींबरोबर मैदानाला फेरी घालीत असतो.

त्या दिवशी आरंभीच अपशकुन झाला. हिरवा झेंडा पडायच्या सुमारास पहिल्या रांगेतल्या केव्हिन कोगनची मोटार एकाएकी उजवीकडे वळली, ए. जे. फॉइटला धडकली आणि उलटून मारिओ अँड्रेटीवर गेली. फॉइट तोवर चार वेळा जिंकलेला, अँड्रेटी १९६९ चा विजेता. शर्यत थांबवून पुन्हा सुरू करावी लागली.

"ते राहू दे," टोपीवाले म्हणाले. "शेवटच्या इंधनावर या. तिथे आमचा घात झाला."

मोटारी इंधन घ्यायला ज्या गल्लीत थांबतात तिला 'पिट' म्हणतात. मिअर्स तीस वर्षांचा, सर्वांत वेगवान म्हणून पहिल्या जागेवरून निघालेला. तो शेवटचे इंधन घ्यायला वळला तेव्हा पिटच्या वाटेवर एक मंद मोटार आडवी आली, तिला त्याचा धक्का लागला. त्यात त्याच्या माणसांनी टाकी काठोकाठ भरली. फेऱ्या उरल्या होत्या सतराच. एवढ्या इंधनाची गरजच नव्हती. मागाहून जॉनकॉक आला, लागेल तेवढेच घेऊन सटकला. तो बाहेर पडला तेव्हा मिअर्स अकरा सेकंदांहून अधिक मागे.

"संपली म्हणा ना शर्यत," मी म्हटले.

"तसे सगळ्यांनाच वाटले. पण मिअर्स फेरीला सुमारे एक सेकंद कापू लागला. रेडिओवरचा माणूस अंतर सांगे आणि आम्ही बोटे मोडीत उरलेल्या फेऱ्या मोजू."

"आणि जॉनकॉकची मोटार वळणावर नीट वळेना!" सुतार आजोबा खुर्चीच्या कडेवर आले. "त्याने ती हाताच्या बळावर वळवली. दोनशेवी फेरी सुरू झाली तेव्हा दोघे शेजारी शेजारी. पहिल्या वळणावर मिअर्स आत घुसायला गेला. जॉनकॉक हटला नाही. आपली रेघ धरून राहिला. शेवटच्या सरळ वाटेवर मिअर्स पुन्हा आला, आणि–"

दोघेही गप्प. अंतर ०.१६ सेकंद. पापणी लवायला लागेल एवढेच. तोवरच्या इतिहासात इतकी निसटती शर्यत झाली नव्हती. त्याआधीचा विक्रम १९३७ चा, आणि त्यातले अंतर दोन सेकंदांहून जास्त होते.

"टाकी काठोकाठ भरली नसती तर!" टोपीवाले म्हणाले.

"तुझा मिअर्स पुढेमागे चार वेळा जिंकला. आमच्या माणसाला हा एक विजय धड मिळाला, तोही तुला बघवत नाही?"

'धड' या शब्दाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. जॉनकॉक १९७३ सालीही जिंकला होता. ती शर्यत अपघातांनी आणि पावसाने तीन दिवस रेंगाळली आणि १३३ फेऱ्यांवरच संपवली गेली. जॉनकॉकच्याच संघातल्या स्वीड सॅव्हेजची मोटार भिंतीवर आदळून पेटली. त्याच संघातला एक तरुण पिटमध्ये धावत निघाला, तो आगीच्या बंबाखाली सापडून गेला. सॅव्हेजही जुलैत वारला. विजयाची मेजवानीसुद्धा रद्द झाली. असा विजय माणूस कोणत्या तोंडाने मिरवील? नऊ वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाला, त्याला तो पुन्हा मिळाला आणि दूध गोड लागले.

हे मला सांगितले ते सुतार आजोबांच्या पत्नीने. मी त्यांना डिंकाचा लाडू द्यायला गेले होते. "यजमान तुमचे जॉनकॉकचे फार जुने भक्त दिसतात," मी म्हटले.

आजी हसल्या. "हे? हे तर १९७९ पासून मिअर्सचे! त्याच्या पहिल्या विजयापासून. दोघेही मिअर्सचेच. जॉनकॉकचा होता तो तिसरा." त्यांनी खिडकीतून पडवीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवले. "चाळीस वर्षे तो एकटा या दोघांशी भांडला. गेल्या हिवाळ्यात गेला. मार्चमध्ये हे दोघे पडवीत येऊन बसले, तर बोलायला काही नाही. दोघांचेही म्हणणे एकच! शेवटी नाणेफेक केली. यांच्या वाट्याला जॉनकॉक आला."

मी लाडवांचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. आपले म्हणणे सोडून मित्राचे म्हणणे उचलून धरायचे, तेही त्याच्याच त्वेषाने, त्याच्याच शब्दांत! आमच्याकडे श्राद्धाला पान वाढतात. ही माणसे वाद वाढून ठेवीत होती.

२८ मेला शर्यत झाली. त्या पडवीतला रेडिओ लागला आणि मी माझे स्टूल घेऊन गेले. शेवटी शेवटी अपघातांमुळे शर्यत पुन्हा पुन्हा थांबली. अखेर एका फेरीसाठी सुरू झाली आणि त्या एका फेरीत जोसेफ न्यूगार्डनने मार्कस एरिकसनला मागे टाकले. अंतर ०.०९७४ सेकंद. म्हणजे आकड्यांनी पाहिले तर १९८२ हूनही निसटते. तसा तो जुना विक्रम १९९२ सालीच मोडला होता. तेव्हा धाकट्या अल अन्सरने स्कॉट गुडइयरला ०.०४३ सेकंदाने हरवले होते.

रेडिओ बंद झाला. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग सुतार आजोबा म्हणाले, "चांगली झाली. पण १९८२ ची तऱ्हाच निराळी."

मला वाटले, आता टोपीवाले म्हणणार, 'ठाऊक आहे.' त्यांनी ती शर्यत स्वतः ऐकली होती, या पडवीत, या माणसाच्या शेजारी बसून. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिसऱ्या खुर्चीकडे एकदा पाहिले आणि मित्राला विचारले, "का? काय झाले होते १९८२ साली?"

मला पुढचे ऐकू आले नाही. मला ऐकू येत होते ते माझेच उत्तर – "बाबा, पुढचे मला पाठ आहे."

पाठ होते काय, तर धावफलक. तो कुठल्याही पुस्तकात मिळतो. चंद्रशेखरचे सहा बळी आणि १०१ धावा यांच्यासाठी बाबांची गरजच नव्हती. बाबांची गोष्ट त्या पलीकडे कुठेतरी होती आणि मी तिला दर वेळी पहिल्याच वाक्यावर अडवले होते.

पुढल्या आठवड्यात भाची झाली. एका रात्री ती काही केल्या झोपेना. भाऊ तिला खांद्यावर घेऊन खोलीतच येरझारा घालीत होता, चार पावले जाऊन वळत होता, पुन्हा वळत होता. मी दारात उभी राहून सहज म्हणाले, "त्या दिवशी रेडिओला खरखर फार."

भाऊ थबकला. मग पोरीच्या पाठीवर थोपटत, अगदी बाबांच्या संथ आवाजात म्हणाला, "कारण सेल संपत आले होते. पावसाळ्याचे दिवस, ऊन कुठले? म्हणून आजीने ते चुलीच्या उबेला ठेवले होते."

सेल? चूल? हे मी कधीच ऐकले नव्हते. मी उठून आत गेल्यावरही बाबा सांगत राहत असावेत आणि हा धाकटा पायाशी बसून ऐकत असावा.

मी दिवा मालवला, पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हटले, "मग? पुढे काय झाले?"