डावी पापणी

मे २०१९. नागपूरचा मे नागपूरकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. धाकटी बहीण माझ्याकडे आली होती. सकाळी म्हणाली, "ताई, डाव्या डोळ्याच्या मागे फार ठणकून राहिलं गं." मी म्हटलं, ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला, कूलरसमोर निजवलं. दुसऱ्या दिवशी डावी पापणी अर्धी मिटलेली दिसली. मी म्हटलं, जागरणाने असेल. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिलं की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच येतं असं वाटू लागतं.

तिसऱ्या दिवशी तिला एकाचे दोन दिसायला लागले, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारली. उजवी बाहुली आकसली, डावी मोठीच्या मोठी राहिली. मी चष्म्याचा नंबर विचारत होते! ते म्हणाले, "बाई, चष्मा राहू द्या. यांना आत्ताच मेंदूच्या सर्जनकडे न्या."

मी मराठीची बी.ए. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. मानेच्या पुढून दोन, मणक्यांतून दोन अशा चार वाहिन्या वर येतात. मागच्या दोघींची एक होते आणि पुढे बारीक जोडवाहिन्या सगळ्यांना एकमेकींशी जोडतात. "आपल्या रिंग रोडसारखं?" मी विचारलं. ते हसले. एक वाट बंद पडली तर रक्त दुसरीकडून फिरून येऊ शकतं. पण पुष्कळ माणसांत हे कडं कुठेतरी अरुंद नाहीतर तुटकच असतं. इंग्लंडच्या थॉमस विलिसने १६६४ साली याचं वर्णन छापलं, म्हणून त्याचं नाव. त्या पुस्तकातली चित्रं ख्रिस्तोफर रेनची. पुढे लंडनचं सेंट पॉल्स बांधणारा तोच.

मागची जोडवाहिनी जिथे फुटते, नेमका तिथे बहिणीला फुगा आला होता. पापणी उचलणारी, बाहुली लहान करणारी नस त्याला खेटूनच जाते. फुगा तिला दाबत होता. १९३७ साली बाल्टिमोरला वॉल्टर डँडीने याच जागच्या फुग्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला. त्या रोग्याच्या डोळ्याचीही हीच गत होती. आता चिमटा टायटॅनियमचा. कानशिलाजवळून आत शिरायचं, मेंदूच्या दोन भागांमधली फट सूक्ष्मदर्शकाखाली उघडत जायचं. शेजारीच जेमतेम मिलिमीटरभर जाडीची आणखी एक वाहिनी असते. चिमट्यात ती सापडली तर अर्धं अंग लुळं. हे ऐकून मी सही केली. सही पोरासोरांसारखी वाकडी आली.

ऑपरेशन पाच तास चाललं. बाहेर येऊन सर्जन मला एकटीला म्हणाले, "या दोन दिवसांत फुटला असता तर इथवर आणताच आलं नसतं." हे मी तिला कधी सांगितलं नाही. हा ब्लॉग ती वाचते, तेव्हा आज कळेलच.

पापणी उचलायला तीन महिने लागले. दमली की अजून किंचित उतरते. व्हिडिओ कॉल लागला की मी आधी तिचा डावा डोळा बघते. तिला ते कळतं. म्हणते, "दोन्ही उघडे आहेत ताई, बोल आता."